सुंभ गेला, पीळ राहिला

१९९६च्या दिवाळीत मिशिगनहून आलेल्या माझ्या मामेभावाने गोल्फच्या लांबोळक्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं एक धूड बाहेर काढलं आणि म्हणाला, "घे, तुझं कंपाउंड." आई आतून ओरडली, "सोसायटीचं कंपाउंड आपलं एकट्याचं कसं? रंगाचे पैसे सगळ्यांनी मिळून द्यायचे ठरलेत." मुलुंडमध्ये कंपाउंड म्हणजे भिंत. धनुष्यालाही कंपाउंड म्हणतात, हे आमच्या मजल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि पुढची दहा वर्षं ते शेजाऱ्यांना परत परत समजावून सांगण्यात गेली.

धनुष्याचा नाद मात्र त्याआधीचा. १९८७च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं आणि रविवारी सकाळी मालिका संपली की चाळीचाळींतून वानरसेना बाहेर पडायची. बांबूची कामटी, तिला सुतळी, आणि बाण म्हणून खराट्यातले हीर. महिनाभरात आमच्या वाडीतले सगळे खराटे टकले झाले. हीर पाच-सात पावलांवर जाऊन गवतात नाहीसा व्हायचा. पण ती कामटी वाकवताना हाताला जे जाणवायचं, ती ओढ, ते "आता सोड" म्हणणं, ते काही गेलं नाही. पुढे कॉलेजात असताना एका ओळखीच्यांकडे बांबूचं खरं धनुष्य, ज्याला स्पर्धांत 'इंडियन राउंड'चं म्हणतात ते, हाताळायला मिळालं. मामेभावाला पत्रात मी हे सगळं पाल्हाळ लावून लिहिलं होतं. तो तिकडे हरणांच्या मोसमात रानात जायचा. त्याने नवं घेतलं, जुनं माझ्या पदरात टाकलं.

ते जुनं धनुष्य अजून घरात आहे. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत ४४ इंच. मधला दांडा, म्हणजे रायझर, मॅग्नेशियमचा ओतीव, त्यावर तपकिरी रंग. मुठीला लाकडाची जाडजूड पकड, जात्याच्या खुंट्यासारखी हातात भरणारी. दोन टोकांना दोन गोल चाकं, त्यांवरून जाणाऱ्या पोलादी केबली, आणि केबलींच्या टोकाला थेंबाच्या आकाराचे लोखंडी आकडे, ज्यांत दोरी अडकवायची. दोरी बदलायला कुठलं यंत्र लागत नसे. हे सांगून ठेवतो, कारण आजच्या धनुष्याची दोरी बदलायची तर ते आधी प्रेसमध्ये आवळावं लागतं.

ही चाकं कुणाच्या डोक्यातून निघाली? अमेरिकेतल्या मिसुरीचा होलिस विल्बर ॲलन. त्याने साठच्या दशकात चांगल्या धनुष्याची टोकं करवतीने कापली आणि तिथे कप्प्या बसवल्या. १९६६ साली पेटंटचा अर्ज केला, १९६९च्या डिसेंबरात पेटंट मिळालं. आमच्या धनुष्याचे सगळे स्क्रू ॲलन-कीने फिरत, म्हणून कित्येक वर्षं मला वाटायचं की ती कीसुद्धा यानेच काढली असणार. तो ॲलन वेगळा.

कप्पीची गंमत अशी की तिचं छिद्र मधोमध नसतं. साधं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होत जातं. सगळ्यात जड असतं ते नेमकं नेम धरायच्या क्षणी. कंपाउंड ओढताना घाटकोपर स्टेशनचा पूल चढल्यासारखं वाटतं. पहिल्या पायऱ्या दम काढतात, वर थोडी सपाटी, आणि मग एकदम उतार. त्या उताराच्या तळाशी उभं राहून तुम्ही नेम धरता. माझं धनुष्य ५० पौंडांचं होतं आणि शेवटी निम्मं हलकं व्हायचं. म्हणजे २५ पौंड, साधारण ११ किलो, हातात तोलून धरायचे. पहिल्यांदा ओढलं तेव्हा तो उतार आला आणि मी हसलोच. कुणीतरी मागून येऊन जड पिशवी हातातून घ्यावी तसं झालं.

सराव कुठे करायचा हा प्रश्न तेव्हा प्रश्नच नव्हता, हे आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, तेव्हाही कारखान्यांची रांग होती, जरी एकेक भोंगा बंद पडत चालला होता. बाबांच्या कंपनीच्या शेडमागे एक लांबट पडीक मैदान होतं. त्याला तिन्ही बाजूंनी कंपाउंड. खरं, विटांचं. रविवारी पाळी नसे. वॉचमनकाकांना चहा पाजला की काम झालं. काथ्या ठासून भरलेली चार पोती एकावर एक रचून बाण झेलायला बट करायचा, त्यावर खडूने वर्तुळ, आणि मागे भिंत, म्हणजे चुकलेला बाण कुणाच्या घरात जायला नको. ५० मीटर पावलांनी मोजलेले. लोकलचा एक डबा वीसेक मीटरचा धरला तर अडीच डबे. एवढी सरळ, रिकामी, कुणाच्याही मालकीच्या वादात नसलेली रेघ आज अंधेरी ते मुलुंड कुठे मिळते ते दाखवा.

त्या मैदानावर मी वाईट नेमबाज होतो. अॅल्युमिनियमचे बाण सेकंदाला साठेक मीटरने जायचे. डोळ्यांना दिसायचे अक्षरशः, शेपूट हलवत, काहीसे आळसावलेले. पोत्यावर त्यांचा घोळका पडायचा तो परातीएवढा. आणि त्या परातीचं केंद्र जवळजवळ नेहमी डावीकडे.

का? याला माझ्याकडे तयार उत्तर होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. कंपाउंडमध्ये दोरीखेरीज दोन केबली असतात आणि त्या नेमक्या बाणाच्या वाटेत येतात. त्यांना बाजूला ओढून धरायला रायझरमधून मागे एक दांडी निघते, ती केबल-गार्ड, आणि तिच्यावर प्लॅस्टिकची एक सरकपट्टी. म्हणजे धनुष्य पूर्ण ताणलेलं असताना दोन ताठ केबली रायझरला सतत एका अंगाला पिळत असतात. वर-खाली चाकंही त्या ओढीने किंचित कलतात. बाण सुटला की हा साठलेला पीळ उलगडतो आणि जाता जाता बाणाच्या शेपटाला धक्का देतो. हे मी मामेभावाने पाठवलेल्या मासिकांत वाचलं होतं, आणि परातीचं केंद्र डावीकडे पडलं की मोठ्याने म्हणायचो, "केबल-गार्डचा पीळ!" वॉचमनकाका मान डोलवायचे. त्यांना वाटत असावं की हा एखादा आजार आहे.

सरकपट्टी करकरली, पीळ. उन्हाने लाकडी पकड घामेजली, पीळ. सायकलच्या हँडलची टेप आणून मी ती पकड आणखी जाड केली, कारण घट्ट धरलं की नेम स्थिर राहील असं तेव्हा माझं ठाम मत होतं. आज ती टेप आठवली की कानाच्या पाळ्या गरम होतात.

मग नोकरी, लग्न, मुलगी. कंपनी बंद झाली, मैदानावर पत्रे लागले, पत्र्यांमागून टॉवर वर आला. धनुष्य माळ्यावर गेलं आणि तिथेच जवळपास पंधरा वर्षं राहिलं.

ते खाली काढायला लावलं ते ५ ऑगस्ट २०२३च्या शनिवारने. बर्लिनमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. साताऱ्याची अदिती स्वामी, वय १७, मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवून जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पोलंडच्या लुकास प्शिबिल्स्कीविरुद्ध उभा राहिला आणि १५० पैकी १५० घेऊन आला. समोरच्याने १४९ मारले होते. १५ बाण, पन्नास मीटर, आणि पंधराच्या पंधरा मधल्या ८ सेंटिमीटरच्या वर्तुळात. आमटीची वाटी घ्या, तिचं तोंड साधारण तेवढं. माझी परात आणि त्याची वाटी. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या दृष्टी अकादमीत शिकलेले. तोवर ज्येष्ठ गटातलं वैयक्तिक जागतिक अजिंक्यपदाचं सुवर्ण एकाही भारतीय तिरंदाजाकडे नव्हतं. एका दुपारी दोन आली, आणि दोन्ही आपल्याकडे. मी मोबाइलवर ते परत परत पाहत होतो. निकालापेक्षा मी त्यांचे डावे हात पाहत होतो. बाण सुटला की धनुष्य हातातून सुटून पुढे पडत होतं, बोटांना बांधलेल्या नाडीवर लोंबत होतं. त्यांनी ते धरलेलंच नव्हतं!

पुढच्या महिन्यात मी माळा आवरला. पंधरा वर्षं पडून राहिलेल्या धनुष्याचं पातं, म्हणजे रायझरपासून चाकापर्यंतचा वाकणारा भाग, ओढताना तुटलं तर डोळा जाऊ शकतो, म्हणून ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि नवं घेतलं. किंमत सांगत नाही. ती घरातही पूर्ण सांगितलेली नाही.

नवं धनुष्य पहिल्या नजरेला धनुष्य वाटतच नाही. रायझर अॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून मशिनवर कोरून काढलेला, मधेमधे खिडक्या, एखाद्या पुलाच्या कैचीसारखा. पाती आखूड आणि जवळजवळ आडवी, त्यामुळे बाण सुटताना वरचं पातं वर आणि खालचं खाली झेपावतं, दोघांचा धक्का एकमेकांत जिरतो. जुन्या धनुष्याने बाण सोडला की कोपरापर्यंत झिणझिणायचं. हे नुसतं 'थप्' म्हणतं. चाकांची जागा कॅमनी घेतली आहे, अंड्यासारख्या, कुठे फुगीर, कुठे चपट्या. पोलादी केबली गेल्या, कृत्रिम धाग्यांच्या आल्या. केबलीच्या टोकाला दोन पाय फुटलेले असतात, ते कॅमच्या दोन्ही अंगांना पात्याला धरतात. एका पायाला दोन पीळ जास्त दिले की कललेला कॅम सरळ होतो. सरकपट्टीच्या जागी छोटे रोलर, आणि त्यांची दांडीही अशी की ताणताना थोडी आत झुकते, म्हणजे बाजूची ओढ कमी. काही धनुष्यांत तर केबली दोन्ही बाजूंनी नेतात आणि बाण मधून जातो. तिथे एका अंगाला ओढणारं कुणी उरतच नाही.

थोडक्यात, मी ज्याच्या नावाने दहा वर्षं खडे फोडले तो पीळ या लोकांनी एकेक करून काढून टाकला. बाण आता सेकंदाला पंच्याऐंशीच्या पुढे जातात. शेपूट हलताना दिसत नाही. बाणच दिसत नाही.

सराव आता अंधेरीला. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, मग एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरचा एसी हॉल. १८ मीटर. एका डब्याहून कमी. धनुष्य तिथल्याच कपाटात ठेवतो. मेट्रोच्या स्कॅनरमधून ते नेण्याची छाती नाही. पूर्वी मी ते मुलुंड स्टेशनवरून लगेजच्या डब्यातून बिनधास्त न्यायचो आणि फार तर एखादा माळकरी विचारायचा, "वीणा का?" मी हो म्हणायचो.

हॉलमधली प्रशिक्षक चोविसेक वर्षांची, सातारा भागातली. मी तिला मॅडम म्हणतो, ती मला काका म्हणते, आणि या दोन संबोधनांत आमचा सगळा करार आला. पहिल्याच दिवशी तिने मला जरा लांबून पाहिलं आणि विचारलं, "काका, सळई धरताय का?"

मी म्हणालो, केबल-गार्डचा पीळ असेल.

तिने शांतपणे एक चौकट आणली, तिच्यावर मराठी वर्तमानपत्राचं पान ताणून लावलं, आणि दोन पावलांवरून त्यातून बाण मारायला सांगितलं. ही जुनीच परीक्षा आहे. बाण सरळ गेला तर कागदाला गोल भोक आणि पिसांचे तीन चिरे पडतात. शेपूट एका बाजूला गेलं असेल तर त्या अंगाला कागद फाटत जातो. माझं पान आडवं फाटलं, स्थानिक बातम्यांपासून राशिभविष्यापर्यंत. मग तिने माझंच धनुष्य घेतलं. ती उंचीला माझ्याएवढीच, ओढीची लांबी जवळजवळ तीच. नवं पान. नेटकं भोक. तिने पुन्हा मारला. त्याच्या शेजारी दुसरं नेटकं भोक.

धनुष्य माझ्याकडे परत देताना ती काही बोलली नाही. चांगल्या घरातली मुलगी.

नंतर तिने जे समजावलं ते मला कुठल्या मासिकात मिळालं नव्हतं. माझं जुनं धनुष्य शेवटी ११ किलोने हाताला दाबत होतं. हे नवंही ५० पौंडांचंच, पण ते ७५ टक्के सोडतं. तळाशी उरतात साडेबारा पौंड, पावणेसहा किलो. मी याला निव्वळ सोय समजत होतो. ती म्हणाली, "कपडे वाळत घालायची दोरी बघा काका. ताठ बांधलेली असली तर कपडा ओढला तरी जागची हलत नाही. ढिली असली की नुसत्या वाऱ्याने पिळते." ओढ जेवढी कमी, तेवढं धनुष्य हाताच्या लहरीवर. पकडीत तळवा जरा वळला, बोटं जरा आवळली, गालाने दोरी जरा दाबली, की ते मुकाट्याने वळतं. म्हणूनच स्पर्धेतले बरेच जण हाताला जास्त वजन राहील अशी जुळणी मुद्दाम निवडतात. ८०-८५ टक्के सोडणारं आखूड धनुष्य रानात मचाणावर बसणाऱ्याच्या सोयीचं.

आणि लांबी? मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, माझं जुनं ४४ इंची होतं, डोंबाऱ्याच्या काठीसारखं, म्हणून ते स्थिर. ती म्हणाली, "डोंबाऱ्याची काठी आडवी असते की." खरंच की. धनुष्याची लांबी उभी. वर-खाली डोलणं ती आवरते, दोरीचा कोन नाकाशी सुखाचा ठेवते. पण उभ्या अक्षाभोवती वळणं, म्हणजेच पीळ, तिला फारसं रोखता येत नाही. त्याला समोर बसवलेला लांब दांडा आणि बाजूचा आखूड दांडा लागतो, टोकाला वजनं लावून. डोंबाऱ्याची काठी ती. माझ्या जुन्या धनुष्याला समोर दांडा बसवायचं भोक होतं. त्यात मी दहा वर्षं एक पेन खोचून ठेवलं होतं, गुण लिहायला.

पकडही बदलली आहे. खुंटा गेला, आता दोन बोटं रुंद, सपाट पट्टी, काही जण तर नुसत्या धातूवर पातळ फित लावतात. मला ती पहिले काही आठवडे अंगावर आलेली वाटायची, धरायला काही नाहीच! पण तेच तिचं काम. तळहाताला पिळायला जागाच कमी द्यायची. मॅडमनी माझा डावा हात उलटा केला आणि निळ्या बॉलपेनने आयुष्यरेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला एक रेघ मारली. "धनुष्य इथे बसणार. आयुष्यरेषा ओलांडायची नाही." बोटांच्या पेरांची रांग धनुष्याशी पंचेचाळीस अंशांत, बोटं सैल, नाडी बांधलेली. मग ओढायचं, आणि त्या पुलाच्या उताराच्या तळाशी, जिथे नवं धनुष्य भिंतीला टेकल्यासारखं ठाम थांबतं, तिथे पाठीने ओढत राहायचं.

पन्नास मीटरवर वाटीच्या मध्यापासून कडेपर्यंत ४ सेंटिमीटर. कोनात हिशेब केला तर एका अंशाचा विसावा भागसुद्धा पुरता नाही. तळवा घड्याळाच्या सेकंदकाट्याएवढाही हललेला दिसणार नाही, आणि दहाचे नऊ झालेले असतील.

यावरही लोकांनी तोडगा काढला आहे. हात मुद्दाम थोडा डावीकडे पिळून बाण मारायचा, मग थोडा उजवीकडे पिळून; आणि बाण टेकतो तो आधार पुढे-मागे सरकवत राहायचं, जोवर दोन्ही वाकडे बाण शेजारी शेजारी पडत नाहीत. नेम धरायची साइट एका बाजूला चुकवते, आधार दुसऱ्या बाजूला, आणि दोन चुका एकमेकींना खातात. मॅडमनी माझ्या धनुष्यावर एक अख्खी संध्याकाळ हे केलं. फायदा झाला. तरीही मला ते जरा सुनेने सासऱ्याचा बेताल स्वभाव सांभाळून घर चालवावं तसं वाटलं.

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड पहिल्यांदाच असणार आहे, मिश्र सांघिक प्रकारात. हॉलमधली शाळकरी पोरं त्याबद्दल बोलत असतात. त्यांच्यातला एकही जण केबल-गार्डला दोष देत नाही. बाण गेला की ती आधी स्वतःच्या तळहाताकडे पाहतात. मला त्यांची थोडी कीव येते. आम्हांला दोष द्यायला पाच-सहा जागा होत्या, त्यांना एकच आहे, आणि ती सोबत घेऊन झोपावं लागतं. वॉचमनकाकांसारखं मान डोलवणारं कुणी त्यांच्यापाशी नाही.

गेल्या रविवारी पुन्हा कागद फाटला, फार नाही, अर्धा इंच, डावीकडेच. मी सवयीने आधी कॅमकडे पाहिलं. मॅडम लांबून माझ्याकडे पाहत होत्या. मी कॅमकडे पाहतच राहिलो.

रात्री घरी भाकरी मोडताना बायकोने विचारलं, "हे हातावर काय?" निळी रेघ घामाने पसरून आयुष्यरेषेपलीकडे, पार करंगळीपर्यंत गेली होती.

"पेन फुटलं," मी म्हणालो.